व्यायामानंतरचे हृदयचित्रण: तपासणी वाया जाऊ नये यासाठी पाळायचा क्रम

हृदयधमन्यांमध्ये अडथळा आहे का हे पाहण्यासाठी व्यायामानंतर हृदयाचे चित्रण करायला सांगितले जाते. रुग्ण ठरलेल्या वेळी जातो, ट्रेडमिलवर चालतो, घामाघूम होऊन घरी येतो आणि अहवालाच्या शेवटी ‘तपासणी अनिर्णायक’ एवढेच वाचायला मिळते. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. सकाळी सवयीने घेतलेली गोळी, वाटेत घेतलेली कॉफी, दम लागताच मध्येच सोडलेला व्यायाम किंवा पट्ट्यावरून उतरून पलंगापर्यंत जाण्यात गेलेली दोन मिनिटे, अशी साधी कारणे त्यामागे निघतात. त्यांपैकी बहुतेक टाळता येण्यासारखी असतात.

पुढील क्रम रुग्ण आणि सोबत येणारे नातेवाईक यांच्यासाठी लिहिला आहे. येथे मुख्यतः दोन तपासण्यांचा विचार केला आहे: व्यायामानंतरची इकोकार्डिओग्राफी, म्हणजे स्ट्रेस इको, आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून केला जाणारा परफ्युजन स्कॅन, ज्याला थॅलियम हे द्रव्य वापरले नसले तरी पुष्कळ ठिकाणी ‘थॅलियम टेस्ट’ असेच म्हणतात. औषधे थांबवणे, बदलणे किंवा तपासणी पुढे ढकलणे हे निर्णय तपासणी सुचवणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचे असतात. त्यांना नेमके काय विचारायचे, हे या लेखातून घेता येईल.

आधी हे समजून घ्यावे: चित्र कशाचे घेतात

दोन्ही तपासण्यांमध्ये धमनी थेट दिसत नाही, तर धमनी अरुंद झाल्याचा परिणाम दिसतो. विश्रांतीत हृदयाच्या स्नायूची रक्ताची गरज कमी असते, त्यामुळे बरीच अरुंद झालेली धमनीसुद्धा ती भागवू शकते आणि विश्रांतीतला इको अगदी सामान्य येऊ शकतो. व्यायामाने गरज वाढते, निरोगी धमन्या रुंदावतात आणि अरुंद धमनीच्या वाट्याचा स्नायू मागे पडतो. आधी त्या भागाला रक्त कमी पोहोचते, मग तो भाग नीट सैलावत नाही, त्यानंतर त्याचे आकुंचन मंदावते, पुढे ईसीजीमध्ये बदल दिसतात आणि छातीत दुखणे बहुधा सर्वांत शेवटी येते. परफ्युजन स्कॅन या साखळीची पहिली कडी पकडतो, स्ट्रेस इको आकुंचनाची कडी पकडतो, तर साधी टीएमटी, म्हणजे चित्रणाशिवायची ट्रेडमिल तपासणी, ईसीजीतल्या बदलांची वाट पाहते. चित्रणाची जोड दिल्याने तपासणीची संवेदनशीलता, म्हणजे आजार पकडण्याची क्षमता, वाढते ती यामुळे.

याच कारणाने व्यायाम पुरेसा झाला नाही, तर साखळी सुरूच होत नाही. आणि व्यायाम पुरेसा होऊनही इकोचे चित्र उशिरा घेतले, तर तोवर स्नायू सावरलेला असतो. पुढचे सगळे टप्पे या दोन वाक्यांना धरून आहेत.

टप्पा १: आपल्यासाठी हीच तपासणी योग्य आहे ना, याची खात्री

विश्रांतीतला ईसीजी सामान्य असेल आणि चालण्याची क्षमता चांगली असेल, तर काही रुग्णांना साधी टीएमटीसुद्धा पुरते. ईसीजी मुळातच वाचता येण्यासारखा नसेल, तेव्हा चित्रण आवश्यक ठरते. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवाहिनीतला अडथळा), पेसमेकरचा ताल, डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयात जन्मतः असणारी जादा विद्युतवाट), ईसीजीच्या रेषेतला विश्रांतीतच एक मिलिमीटर किंवा अधिक खाली असलेला एसटी भाग, रक्तदाबामुळे जाड झालेल्या हृदयाचे ईसीजीतले बदल आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचा परिणाम ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पूर्वी अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असेल, तर दोष आहे की नाही एवढेच कळून भागत नाही, तो कोणत्या भागात आहे हेही कळावे लागते. तेव्हाही चित्रणच लागते.

येथे एक बारकावा वारंवार सुटतो. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक असलेल्या किंवा पेसमेकरवर असलेल्या रुग्णाला व्यायाम देऊन चित्रण केले, तर हृदयाच्या मधल्या पडद्याचे आकुंचन आणि तिथला रक्तपुरवठा धमनी स्वच्छ असूनही सदोष दिसू शकतो. अशा रुग्णांसाठी व्यायामाऐवजी अ‍ॅडेनोसिन किंवा रेगाडेनोसॉनसारखे धमन्या रुंदावणारे औषध देऊन केलेला परफ्युजन स्कॅन अधिक विश्वासार्ह मानतात.

गुडघे, कंबर, पायांतील रक्तवाहिन्यांचा आजार किंवा फुप्फुसांचा विकार यांमुळे वेगाने चालता येत नसेल, तर ते तपासणीची वेळ घेतानाच सांगावे. ‘जमेल तेवढे चालतो’ हे उत्तर सौजन्याचे असले तरी उपयोगाचे नाही. अपुऱ्या व्यायामानंतर आलेला सामान्य अहवाल खोटा दिलासा देतो. अशा रुग्णांसाठी औषधाने ताण देण्याची सोय असते: इकोसाठी बहुधा हृदयाची गती व जोर वाढवणारे डोब्युटामिन, स्कॅनसाठी धमन्या रुंदावणारी औषधे.

*सावधान:* विश्रांतीतही छातीत दुखत असेल, दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, दम लागून आडवे झोपता येत नसेल किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. हा तातडीच्या विभागाचा विषय आहे. महाधमनीची झडप तीव्र अरुंद असून तिची लक्षणे असणे, हृदयस्नायूचा किंवा हृदयावरणाचा ताजा दाह, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी आणि नियंत्रणात नसलेली तालबिघाडाची तक्रार, या अवस्थांत व्यायाम देत नाहीत.

टप्पा २: औषधांची यादी, किमान एक आठवडा आधी

सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

तपासणीची वेळ ठरली की सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहाव्यात. डोळ्यांत घालायचे थेंब, दम्याचे पंप आणि अधूनमधून घेतल्या जाणाऱ्या गोळ्याही त्यात याव्यात. काचबिंदूसाठीच्या काही थेंबांमध्ये बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी ठेवणारे औषध, असतो, हे रुग्णाच्या लक्षातही येत नाही. मग ही यादी दाखवून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: ‘ही तपासणी निदानासाठी आहे की सुरू असलेले उपचार पुरेसे आहेत का हे पाहण्यासाठी?’

उत्तरावर सगळे अवलंबून असते. निदानच अजून झालेले नसेल, तर मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल यांसारखे बीटा ब्लॉकर साधारण २४ ते ४८ तास आधी बंद ठेवायला सांगतात, कारण ते हृदयाची गती वाढू देत नाहीत आणि आजार झाकून टाकतात. डिल्टियाझेम व व्हेरापामिल हेही गती रोखतात, आणि दीर्घकाळ काम करणाऱ्या नायट्रेटच्या गोळ्याही दोष लपवू शकतात. उलट आजार आधीच माहीत असेल आणि औषधे घेत असताना हृदय किती ताण सोसते हे पाहायचे असेल, तर सर्व औषधे नेहमीप्रमाणे चालू ठेवून तपासणी करतात. तपासणी तीच, पण सूचना नेमकी उलटी. शेजाऱ्याला किंवा भावाला मिळालेली सूचना आपल्याला लागू पडत नाही ती यासाठी.

*सावधान:* बीटा ब्लॉकर स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. तो अचानक थांबवल्यास गती व रक्तदाब उसळतात आणि अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारे छातीतले दुखणे, बळावू शकतो. डॉक्टरांनी थांबवायला सांगितलाच असेल, तर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: शेवटची गोळी कधी घ्यायची, आणि तपासणीनंतर पुन्हा कधी सुरू करायची. दुसरी गोष्ट विचारायची राहून जाते आणि गोळी तशीच बंद राहते.

मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिनची किंवा गोळीची सकाळची मात्रा किती घ्यायची हे आधी ठरवून घ्यावे. पूर्ण मात्रा, रिकामे पोट आणि वर जोराचा व्यायाम यांतून साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. सोबत ग्लुकोज ठेवावे आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ मागावी.

औषध देऊन परफ्युजन स्कॅन करायचा असेल, तर थिओफिलिन किंवा तत्सम औषध चालू असल्याचे आवर्जून सांगावे, कारण ते धमन्या रुंदावणाऱ्या औषधाचा परिणाम पुसून टाकते. दम्याच्या रुग्णांनी आपला आजारही सांगावा, कारण यांपैकी काही औषधांनी श्वासनलिका आवळली जाऊ शकते.

लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणाऱ्यांनी संकोच न करता तसे सांगावे. तपासणीत छातीत दुखले, तर नायट्रोग्लिसरीन हे नायट्रेट गटातले औषध दिले जाऊ शकते. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांत नायट्रेट दिल्यास रक्तदाब धोकादायक पातळीला कोसळू शकतो.

टप्पा ३: आदला दिवस आणि तपासणीची सकाळ

चहा, कॉफी, कोला, ऊर्जापेये आणि चॉकलेट आदल्या दिवसापासून बंद करावीत. धमन्या रुंदावणाऱ्या औषधांच्या तपासणीत किमान १२ तास कॅफिन वर्ज्य असते आणि बरीच केंद्रे २४ तासांची अट घालतात. ‘डीकॅफ’ कॉफीतही थोडे कॅफिन असते आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते असते. केवळ व्यायाम करायचा असला तरी ही अट पाळलेली बरी, कारण व्यायाम पुरेसा न झाल्यास त्याच दिवशी औषधावर जावे लागते, आणि सकाळचा एक कप तो मार्ग बंद करतो.

तपासणीपूर्वी तीन ते चार तास काही खाऊ नये. पाणी थोडे थोडे चालते. धूम्रपान टाळावे. आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त श्रम करू नयेत. ‘सराव’ म्हणून धावून पाहण्याची तर मुळीच गरज नाही.

कपडे दोन भागांचे असावेत, म्हणजे छाती उघडी करणे सोपे जाते. घट्ट बसणारे, न घसरणारे बूट लागतात. चपला घालून ट्रेडमिलवर चढू नये. छातीवर तेल, पावडर किंवा क्रीम लावू नये, अन्यथा इलेक्ट्रोड सुटतात आणि नेमक्या महत्त्वाच्या क्षणी ईसीजीची रेषा थरथरू लागते. जुने ईसीजी, इको आणि अँजिओग्राफीचे कागद बरोबर न्यावेत. नव्या चित्राला तुलनेसाठी जुने चित्र मिळाले, की संशयाच्या निम्म्या जागा तिथेच मिटतात.

*निघण्यापूर्वी तपासून पाहावे:* शेवटचे खाणे किती वाजता झाले? शेवटचा चहा-कॉफीचा घोट कधी घेतला? बीटा ब्लॉकरची शेवटची गोळी कधी घेतली? ही तीन उत्तरे कागदावर लिहिलेली असावीत, कारण केंद्रात गेल्यावर पहिली विचारणा त्यांचीच होते. चूक झाली असेल, तर ती सांगावी. नवी तारीख मिळेल, पण निरुपयोगी अहवाल मिळणार नाही. गरोदर असल्यास, तशी शक्यता असल्यास किंवा बाळाला अंगावर पाजत असल्यास किरणोत्सारी द्रव्याच्या तपासणीपूर्वी ते सांगणे अनिवार्य आहे.

टप्पा ४: विश्रांतीतली चित्रे आणि रंगीत तालीम

केंद्रात प्रथम रक्तदाब, ईसीजी आणि लक्षणांची विचारपूस होते. विश्रांतीतच रक्तदाब २०० / ११० च्या वर असेल, तर व्यायाम बहुधा पुढे ढकलतात. लेखी संमतीही घेतली जाते. देखरेखीखालच्या व्यायाम तपासणीत झटका किंवा मृत्यूचा धोका साधारणपणे २,५०० तपासण्यांमागे जास्तीत जास्त एक इतका मानला जातो. धोका लहान आहे, पण शून्य नाही. म्हणूनच जवळ प्रशिक्षित व्यक्ती आणि डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाचा ताल पूर्ववत करणारे यंत्र) असणे ही अट असते.

स्ट्रेस इकोमध्ये यानंतर विश्रांतीतली चित्रे घेतात. रुग्णाला डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन झोपवतात, कारण त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीजवळ येते आणि बरगड्यांमधली फट रुंदावते. चार मुख्य दृश्ये घेतली जातात: छातीच्या मधल्या हाडाशेजारून लांबीचे व आडवे, आणि हृदयाच्या टोकाकडून चार कप्प्यांचे व दोन कप्प्यांचे. डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीराला रक्त ढकलणाऱ्या मुख्य कप्प्याच्या, भिंतीच्या कडा सलग दोन किंवा अधिक भागांत अस्पष्ट दिसत असतील, तर शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे कॉन्ट्रास्ट द्रव्य देण्याचा निर्णय याच वेळी व्हायला हवा. विश्रांतीत जे दिसत नाही, ते धापा टाकणाऱ्या छातीतून दिसणार नाही.

आता असे काम, जे घाईच्या केंद्रांत हमखास गाळले जाते: पट्ट्यावरून उतरून कुशीवर झोपण्याची तालीम. कोणत्या बाजूने उतरायचे, पलंगाच्या कोणत्या टोकाला बसायचे, कोणता हात वर घ्यायचा आणि ‘श्वास सोडा, आता थांबा’ असे म्हटल्यावर श्वास कसा रोखायचा, हे रुग्णाने एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. तंत्रज्ञांनी सांगितले नाही, तर रुग्णाने स्वतः मागावे. पलंग ट्रेडमिलला खेटून आहे ना, मध्ये वायर किंवा स्टूल आडवे येत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

टप्पा ५: व्यायाम

सर्वाधिक वापरली जाणारी ब्रूस पद्धत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवते. पहिला टप्पा ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेगाचा आणि १० टक्के चढाचा असतो, दुसरा ४ किलोमीटर व १२ टक्के, तर तिसरा सुमारे ५.५ किलोमीटर व १४ टक्के. पहिला टप्पा सोपा वाटतो, तिसऱ्यात बहुतेकांना धाप लागते. वयस्क किंवा अशक्त रुग्णांसाठी यातलीच सौम्य आवृत्ती मागता येते. काही केंद्रांत अर्धवट झोपून चालवायची सायकल असते; तिचा फायदा असा, की व्यायाम चालू असतानाच चित्रे घेता येतात. मात्र पाय लवकर थकतात.

निदानासाठी साधारणतः २२० वजा वय या गतीच्या ८५ टक्के गती गाठावी लागते. वय ६० असेल तर २२० वजा ६० म्हणजे १६०, आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे मिनिटाला १३६ ठोके. परंतु १३६ हा आकडा दिसला की यंत्र बंद करण्याची पद्धत चुकीची आहे. ही किमान मर्यादा आहे; लक्षणे किंवा धोक्याच्या खुणा नसतील, तर रुग्ण खरोखर थकेपर्यंत व्यायाम चालू ठेवणे अधिक माहिती देते. किती वेळ चालता आले, ही गोष्टच पुढच्या भवितव्याची मोठी खूण असते, आणि अर्ध्यावर थांबवल्यास ती हातची जाते.

आडव्या दांड्याला घट्ट धरून लोंबकळण्याची सवय इतकी सार्वत्रिक आहे, की तिच्याबद्दल वेगळे लिहावे लागते. वजन हातांवर टाकले की हृदयावरचा प्रत्यक्ष भार कमी होतो, पण यंत्र मात्र पूर्ण वेग व चढ गृहीत धरून क्षमता मोजते. परिणामी कागदावर क्षमता फुगते आणि ताण अपुरा राहतो. तोल जाईल असे वाटल्यास बोटांची टोके टेकवावीत. नजर समोर ठेवावी, पायांकडे पाहू नये, पावले लांब टाकावीत.

चालताना लक्षणे लगेच आणि नेमक्या शब्दांत सांगावीत. ‘काहीतरी होतंय’ यापेक्षा ‘छातीच्या मध्यभागी दाब आहे, दहापैकी चार, आत्ता सुरू झाला’ हे वाक्य डॉक्टरांच्या उपयोगाचे आहे. पोटऱ्या दुखतात की छाती दुखते, दम लागला आहे की चक्कर येते, हे वेगळे करून सांगावे.

*सर्वांत उपयोगी सूचना:* थकवा असह्य होईपर्यंत गप्प राहून मग एकदम ‘थांबवा’ म्हणू नये. अजून साधारण मिनिटभरच चालता येईल असे वाटताच सांगावे. इको करणाऱ्याला प्रोब (छातीवर टेकवायचे इकोचे उपकरण) आणि जेल हातात घ्यायला, तर स्कॅनमध्ये द्रव्य टोचायला तेवढा अवधी लागतो. थकव्याच्या बाबतीतच हा हिशेब करावा. छातीत तीव्र दुखणे, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तत्काळ सांगून थांबावे. रक्तदाब वाढण्याऐवजी घसरू लागला, ईसीजीत एसटी भाग वर उचलला गेला किंवा धोकादायक ताल दिसला, तर डॉक्टर स्वतःच व्यायाम थांबवतात.

टप्पा ६ (स्ट्रेस इको): पहिले मिनिट

पट्टा थांबल्याच्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. सर्व दृश्ये ६० ते ९० सेकंदांच्या आत घ्यायची असतात, कारण सौम्य दोष एक-दोन मिनिटांत नाहीसा होतो. साध्या टीएमटीत व्यायामानंतर हळूहळू चालत थंडावतात. येथे तसे करायचे नसते. पट्टा थांबताच रुग्ण थेट पलंगावर जातो, डाव्या कुशीवर वळतो, आणि इको करणारा बोलत न बसता प्रोब टेकवतो.

या मिनिटात रुग्णाचे एकच काम असते: श्वास. धाप लागलेली असताना हवेने भरलेली फुप्फुसे हृदयावर येतात आणि यंत्राचा पडदा पांढुरका होतो. सांगितल्यावर श्वास पूर्ण बाहेर सोडून दोन-तीन सेकंद थांबावे, मग मोकळा श्वास घ्यावा, आणि पुन्हा तसेच करावे. फार वेळ श्वास रोखण्याचा अट्टहास नको. चांगले दोन ठोके मिळाले तरी पुरतात. या काळात पाणी मागणे, प्रश्न विचारणे किंवा रक्तदाबाचा पट्टा काढायला हात हलवणे टाळावे. नातेवाइकांनीही ‘कसे वाटते आहे’ हे विचारायला दोन मिनिटे थांबावे.

*तपासून पाहावे:* चित्रे घेतली जात असताना गती किती होती, हे प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात नोंदलेले असते. कमाल गती १४० होती आणि शेवटचे दृश्य ९५ गतीला घेतले असेल, तर त्या दृश्याने टिपलेला भाग प्रत्यक्षात व्यायामानंतरचा उरलेला नसतो.

टप्पा ६ (परफ्युजन स्कॅन): टोचल्यानंतरचे मिनिट

येथील वेळेचे गणित वेगळे आहे. टेक्नेशियमवर आधारित सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन हे द्रव्य व्यायामाच्या शिखरावर शिरेतून टोचतात. ते त्या क्षणीच्या रक्तपुरवठ्याप्रमाणे स्नायूत शिरते आणि बहुतांशी तिथेच अडकून राहते. त्यामुळे चित्र साधारण पाव तास ते तासाभराने घेतले तरी ते व्यायामाच्या क्षणाचेच असते. पण द्रव्य स्नायूत शिरायला वेळ लागतो, म्हणून टोचल्यानंतर आणखी किमान एक मिनिट त्याच जोराने चालत राहावे लागते. सुई टोचली की काम संपले असे समजून पाय थांबवणे, ही या तपासणीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. थॅलियम वापरल्यास मात्र ते पुढे स्नायूत नव्याने पसरते, म्हणून पहिले चित्र १० ते १५ मिनिटांत सुरू करतात आणि तीन-चार तासांनी पुन्हा घेतात.

कॅमेऱ्याखाली दोन्ही हात डोक्यावर घेऊन सुमारे १५ ते २० मिनिटे स्थिर पडावे लागते. खांदा आखडलेला असेल तर आधी सांगावे. मध्येच हललेले शरीर चित्रात खोटा दोष उमटवते. यकृत व आतड्यांत साचलेले द्रव्य हृदयाच्या खालच्या भिंतीवर चमकू नये, म्हणून मध्ये पाणी प्यायला किंवा खायला सांगतात. ते टाळू नये.

विश्रांतीचे चित्र त्याच दिवशी आधी किंवा नंतर, अथवा दुसऱ्या दिवशी घेतात. काही केंद्रे व्यायामाचे चित्र आधी घेतात. ते निर्विवाद सामान्य असेल, तर विश्रांतीची फेरी वाचते आणि किरणोत्साराची मात्राही कमी होते. अशी सोय आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही. टेक्नेशियमचे अर्धे आयुष्य सहा तासांचे असते, म्हणजे २४ तासांत किरणोत्सार सोळाव्या हिश्शावर येतो. त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि लहान बाळांना फार वेळ कवटाळून बसू नये.

टप्पा ७: सावरण्याचा काळ

गती, रक्तदाब आणि ईसीजी मूळ पातळीजवळ येईपर्यंत पलंगावरच थांबावे. काही बदल व्यायाम संपल्यावरच दिसतात. लगेच गरम पाण्याने आंघोळ करू नये. बंद ठेवलेली औषधे कधी सुरू करायची, ते निघण्यापूर्वी विचारावे. घरी गेल्यावर छातीत दुखू लागले, तर ‘तपासणी तर झालीच आहे’ असे म्हणून अंगावर काढू नये.

टप्पा ८: अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा

सरळ शेवटच्या ओळीवर उडी मारू नये. आधी तपासणीचा दर्जा पाहावा: अपेक्षित गतीच्या किती टक्के गाठली, व्यायाम किती मिनिटे झाला, का थांबवला, कोणती औषधे चालू होती, आणि सर्व भाग दिसले का. बीटा ब्लॉकर चालू असताना ७० टक्के गतीला थांबलेल्या तपासणीखालचा ‘सामान्य’ हा शब्द निदानासाठी टिकत नाही.

मग निष्कर्ष. इकोमध्ये निरोगी हृदयाच्या सर्व भिंती व्यायामानंतर अधिक जोराने आकुंचतात आणि डाव्या जवनिकेची पोकळी लहान होते. विश्रांतीत नीट चालणारा भाग व्यायामानंतर मंदावला, तर तिथे रक्तपुरवठा अपुरा आहे. विश्रांतीतही निश्चल असणारा भाग जुन्या झटक्याचा असू शकतो. पोकळी लहान होण्याऐवजी फुगली, तर एकाहून अधिक धमन्यांच्या आजाराचा संशय येतो. १६ पैकी तीन किंवा अधिक भागांत व्यायामाने नवा दोष उमटणे, ही जास्त धोक्याची खूण मानतात. स्कॅनमध्ये व्यायामात दिसणारा आणि विश्रांतीत भरून येणारा दोष रक्तपुरवठ्याचा, तर दोन्हींत सारखाच राहणारा बहुधा व्रणाचा असतो. डाव्या जवनिकेच्या १० टक्के किंवा अधिक भागाला रक्त कमी पडत असेल, तर तोही जास्त धोक्याचा गट आहे. समोरची भिंत, मधला पडदा आणि टोक यांचा दोष बहुतेकदा डाव्या पुढच्या धमनीकडे बोट दाखवतो, खालच्या भिंतीचा उजव्या धमनीकडे, बाजूच्या भिंतीचा वळसा घालून जाणाऱ्या धमनीकडे. माणसामाणसांत ही वाटणी थोडी बदलते.

फसगतीच्या जागाही माहीत असाव्यात. स्कॅनमध्ये स्तनांच्या सावलीमुळे समोरच्या आणि श्वासपटलाच्या सावलीमुळे खालच्या भिंतीवर खोटा दोष दिसू शकतो. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील, तर तुलनेला निरोगी भागच उरत नाही आणि स्कॅन आजार कमी दाखवतो. तेव्हा रक्तदाबाची घसरण आणि पोकळीचे फुगणे यांकडे लक्ष द्यावे लागते. इकोमध्ये एकाच धमनीचा, विशेषतः बाजूच्या भिंतीचा दोष निसटतो, आणि व्यायामात रक्तदाब फार चढल्यास नसलेला दोष दिसू शकतो.

पुरेशा व्यायामानंतरचा सामान्य स्ट्रेस इको चांगली बातमी असते: अशा रुग्णांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याहून कमी असते. पण ही तपासणी रक्तप्रवाह अडवणारा अडथळा शोधते. धमनीच्या भिंतीत साचलेला, प्रवाह न अडवणारा थर तिला दिसत नाही. म्हणून कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे सामान्य अहवालाच्या भरवशावर बंद करू नयेत. अहवाल सामान्य येऊनही तीच लक्षणे कायम राहिली, तर डॉक्टरांकडे पुन्हा जावे.

अहवाल अनिर्णायक आला, तर तीच तपासणी त्याच पद्धतीने पुन्हा करण्यात अर्थ नसतो. कारण कोणते, ते आधी विचारावे. गती कमी पडली असेल तर औषधाने ताण देता येतो, चित्र अस्पष्ट असेल तर कॉन्ट्रास्ट वापरता येते किंवा इकोऐवजी स्कॅन अथवा एमआरआय करता येतो, आणि प्रश्न धमनीच्या रचनेचाच असेल तर सीटी अँजिओग्राफीचा विचार होतो. निघताना छापील अहवालाबरोबर चित्रांची प्रतही मागून घ्यावी, कारण पुढच्या तपासणीच्या वेळी तुलना हलत्या चित्रांशी करायची असते.